दिव्यापलीकडचा एडिसन : गोष्ट एका बॅटरीची आणि तिच्या चार्जरची

मित्रांनो, थॉमस अल्वा एडिसन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अर्थातच विजेचा दिवा! शाळेच्या पुस्तकातला धडा, फोनोग्राफ, १०९३ अमेरिकी पेटंट्स, आणि कानाने जवळजवळ बहिरा असूनही रात्रंदिवस प्रयोगशाळेत रमलेला एक अवलिया. पण पन्नाशी उलटल्यावरची तब्बल दहा वर्षं आणि पदरचे लाखो डॉलर्स त्याने ज्या एका वस्तूसाठी खर्च केले, तिचं नाव त्या धड्यात सहसा नसतं. ती वस्तू म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी.

आता तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीच्या बॅटरीचं आज काय? सांगतो. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टची मटेरियल लिस्ट आठवून पाहा. मोटरचं रेटिंग, कंट्रोलरचं रेटिंग, बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर सगळं नीट लिहिलेलं असतं. आणि अगदी शेवटच्या ओळीत असतं, ‘चार्जर - १ नग’. बस्स! कुठला चार्जर, किती व्होल्टचा, किती अँपिअरचा, थांबणार कधी, कशाचाच पत्ता नाही. म्हणजे वरातीमागून घोडं. हा ‘१ नग’ केवढं महाभारत घडवू शकतो, ते एडिसनच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं.

तारायंत्राच्या खोलीत

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. पुढे १८५४ मध्ये हे कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरॉनला आलं. शाळा जेमतेम काही महिन्यांची. बाकीचं शिक्षण आईनेच घरी केलं. बाराव्या वर्षी पोरगा पोर्ट ह्यूरॉन-डेट्रॉइट रेल्वेत वर्तमानपत्रं आणि गोळ्या विकू लागला आणि सामानाच्या डब्यातच त्याने आपली छोटी रसायनशाळा थाटली. १८६२ मध्ये स्टेशन मास्तरचा लहान मुलगा रुळांवर खेळत होता, त्याला एडिसनने डब्याखाली जाताजाता वाचवलं. उपकाराची फेड म्हणून त्या मास्तरने त्याला तारायंत्र शिकवलं.

इथूनच बॅटरीशी त्याचं नातं जुळलं. त्या काळी तारायंत्र चालायचं ते काचेच्या बरण्यांतल्या प्रायमरी सेलवर. जस्त झिजलं की नवं घालायचं, द्रावण संपलं की बदलायचं. त्यात चार्जर नावाचा प्रकारच नव्हता! पुढे लुईव्हिलला ऑपरेटर असताना रात्रपाळीत प्रयोग करता करता त्याने बॅटरीचं अ‍ॅसिड सांडलं, ते फळ्यांच्या जमिनीतून झिरपून खालच्या मजल्यावर साहेबांच्या खोलीत पोचलं आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, असं त्याची चरित्रं सांगतात. अ‍ॅसिडशी पहिली ओळख ही अशी महागात पडली.

तिकडे फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांतेने १८५९ मध्येच शिशाच्या पत्र्यांची आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली होती. पण गंमत बघा, ती चार्ज करायची कशाने? कामाचा डायनॅमो अजून यायचा होता. प्लांतेला आपली बॅटरी प्रायमरी सेल लावून भरावी लागे. म्हणजे एका बॅटरीसाठी दुसरी बॅटरी खर्च करायची! ग्रामचा डायनॅमो १८७० च्या दशकात आला आणि फोरने १८८१ मध्ये पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे ही बॅटरी बाजारात उतरली. बॅटरी जन्मली, पण चार्जर नसल्यामुळे वीस वर्षं ती प्रयोगशाळेच्या बाहेर फारशी पडली नाही.

डीसीचा राजा

१८७६ ला मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ ला फोनोग्राफ, १८७९ ला दिवा, हे सगळं आपल्याला पाठ आहे. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीजकेंद्र सुरू झालं. तिथून घरोघरी जाणारी वीज होती सुमारे ११० व्होल्टची डीसी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गंमत म्हणजे या काळात एडिसनचं साठवणीच्या बॅटरीबद्दलचं मत अत्यंत वाईट होतं. १८८३ मध्ये त्याने वर्तमानपत्रातून तिच्यावर आणि ती विकणाऱ्या कंपन्यांवर सडकून टीका केली होती. शिशाची प्लेट, अ‍ॅसिड आणि गुंतवणूकदारांना दाखवलेली मोठमोठी स्वप्नं, यातलं काहीच त्याला पटत नव्हतं.

पुढे एसी विरुद्ध डीसी ही लढाई झाली आणि एडिसन ती हरला. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली, नावातून ‘एडिसन’ गेलं. मग त्याने न्यू जर्सीच्या डोंगरात चुंबक वापरून लोहखनिज वेगळं करण्याचा प्रचंड कारखाना काढला. त्यात वर्षंच्या वर्षं आणि लाखो डॉलर्स गेले. दुसरा एखादा असता तर डोक्याला हात लावून बसला असता. हा गडी पन्नाशीनंतर नव्या विषयाला भिडला!

मोटारीसाठी बॅटरी

१९०० साली अमेरिकेत चार हजारांच्या आसपास मोटारी बनल्या. त्यातल्या दीड हजारांहून जास्त विजेवर चालणाऱ्या होत्या, पेट्रोलच्या हजारापेक्षाही कमी. बाकीच्या वाफेच्या. विजेची मोटार शांत, धूर नाही, हँडल मारून सुरू करायची कटकट नाही. घोडं अडलं होतं ते बॅटरीपाशी. शिशाची बॅटरी भयंकर जड, खडबडीत रस्त्यांवर प्लेटचा लेप गळून तळाशी साचायचा आणि थोड्याच काळात ती निकामी व्हायची.

पण खरं सांगायचं तर यातला सगळाच दोष बॅटरीचा नव्हता. त्या वेळी चार्जिंग कसं चालायचं? ११० व्होल्टच्या डीसी लाइनला एक मोठा ऱ्हिओस्टॅट सिरीजमध्ये जोडायचा, अँमीटरकडे बघत करंट कमी-जास्त करायचा, हायड्रोमीटरने अ‍ॅसिडची घनता मोजायची आणि भरली असं वाटलं की स्विच काढायचा. सगळं त्या गॅरेजमधल्या माणसाच्या हातात. तो जेवायला गेला आणि अर्धा तास जास्त लागला, तर बॅटरी ओव्हरचार्ज. पाणी उडतं, प्लेटा गरम होतात, लेप सुटतो. उलट मालकाने अर्धवट भरलेली गाडी आठवडाभर तशीच उभी ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात, ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणजे जास्त भरलं तरी मरण, कमी भरलं तरी मरण!

एडिसनने यावर जो उपाय योजला तो त्याच्या स्वभावाला धरूनच होता. चार्जिंग सुधारत बसण्यापेक्षा कितीही हाल केले तरी न मरणारी बॅटरीच बनवायची! अ‍ॅसिडऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं अल्कली द्रावण, एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला निकेलचा ऑक्साइड आणि काचेऐवजी निकेलचा मुलामा दिलेली पोलादी डबी. स्वीडनमध्ये वाल्देमार युंगनर हाही याच सुमारास त्याच वाटेवर होता. दोघांत पेटंटवरून वादही झाले. एडिसनने पेटंट घेऊन १९०१ मध्ये बॅटरीची स्वतंत्र कंपनी काढली.

पहिला ‘ई’ टाइपचा सेल १९०३-०४ मध्ये बाजारात आला. जाहिराती जोरात होत्या, ऑर्डर्स भरपूर होत्या. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. डब्यांचे सांधे गळू लागले, काही सेलची क्षमता भराभर उतरू लागली. निकेलच्या बाजूला वीज वाहून नेण्यासाठी ग्राफाइट मिसळलेलं होतं, ते हळूहळू नष्ट होत होतं आणि प्लेट फुगून संपर्क तुटत होता. एडिसनने उत्पादन थांबवलं. विका तसंच, कोण बघतंय, असं त्याने केलं नाही. खराब सेल परत घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढची पाच वर्षं हजारो प्रयोग झाले. ग्राफाइटच्या जागी निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे आले. तांबं आणि निकेल यांचे एकाआड एक थर विद्युत-विलेपनाने चढवायचे, मग तांबं विरघळवून टाकायचं, उरतात निकेलचे पापुद्रे. भोकं पाडलेल्या पोलादी नळीत निकेल हायड्रॉक्साइड आणि हे पापुद्रे यांचे शेकडो थर ठासून भरायचे. द्रावणात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घातलं की क्षमता वाढते, हेही याच काळात सापडलं. १९०९ मध्ये ‘ए’ टाइपचा सेल आला. एडिसन तेव्हा ६२ वर्षांचा होता. आणि हा सेल खरोखरच दणकट निघाला. पूर्ण रिकामा ठेवा, उलटसुलट वापरा, जास्त चार्ज करा, धक्के द्या, तो टिकायचा. वर्षानुवर्षं!

इथेच चार्जर आडवा येतो

आता जरा आकडेमोड करू या. कारण खरी मेख इथे आहे.

शिशाच्या एका सेलचा व्होल्टेज २, एडिसनच्या सेलचा १.२. म्हणजे १२ व्होल्टला शिशाचे ६ सेल पुरतात, एडिसनचे १० लागतात. इथपर्यंत सगळे येतात. आता चार्जिंगकडे बघा. शिशाच्या सेलला भरताना साधारण २.४ व्होल्टपर्यंत न्यावं लागतं, म्हणजे ६ सेलना १४.४. एडिसनच्या सेलला शेवटी शेवटी १.७ ते १.८ व्होल्ट लागतात, म्हणजे १० सेलना १७ ते १८! दोन्ही बॅटऱ्यांवर शिक्का ‘१२ व्होल्ट’ असाच. पण शिशाच्या बॅटरीचा चार्जर एडिसनच्या बॅटरीला लावला तर प्रत्येक सेलला मिळणार १.४४ व्होल्ट. ती कधीच पूर्ण भरणार नाही आणि दोष मात्र बॅटरीलाच लागणार. उलट केलं, शिशाच्या बॅटरीला १७ व्होल्ट दिले, तर पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येऊन काही दिवसांत बॅटरी संपलीच म्हणून समजा. पत्रिका बघताना नुसतं आडनाव बघून चालत नाही, तसंच हे!

दुसरा मुद्दा करंटचा. एडिसनचा ‘ए-४’ हा सेल १५० अँपिअर-अवरचा, ३० अँपिअरने ५ तास चालणारा. तो भरायला किती वेळ? ३० अँपिअरनेच, पण ७ तास. म्हणजे काढले १५०, घातले २१०. हा १.४ चा गुणक. यातला फरक पाणी तोडण्यात आणि वायू तयार होण्यात जातो. शिशाच्या बॅटरीत हाच गुणक साधारण १.१५ ते १.२ असतो. चार्जरचे अँपिअर ठरवताना हा गुणक विसरला की चार्जर रात्रभर चालतो आणि सकाळी बॅटरी अर्धवटच असते.

आता ते ११० व्होल्ट आठवा. समजा मोटारीत एडिसनचे ६० सेल आहेत. चालवताना ७२ व्होल्ट मिळणार. पण भरताना ६० गुणिले १.८, म्हणजे १०८ व्होल्ट! एडिसनच्याच डीसी लाइनमध्ये जेमतेम बसणारा आकडा. म्हणजे सेलची संख्या ठरवतानाच चार्जिंगची लाइन विचारात घ्यावी लागत होती. मोटरला किती व्होल्ट हवेत एवढ्यावर भागत नव्हतं.

पण तोवर जग बदललं होतं. घरोघरी एसी पोचत होती, जिच्याविरुद्ध एडिसन हिरीरीने लढला होता, तीच! बॅटरी मात्र कुठलीही असो, तिला डीसीच लागते. मग एसीवर मोटर चालवायची, तिने डीसी जनरेटर फिरवायचा, असा जडजंबाळ सेट घ्या, नाहीतर पीटर कूपर ह्युइटने १९०२ मध्ये शोधलेला पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर बसवा. काचेचा मोठा फुगा, आत निळसर उजेड. श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये हे शोभून दिसे. पण खेड्यातल्या शेतकऱ्याकडे ना डीसी, ना एसी. त्याला पेट्रोलचा डबा सगळीकडे मिळत होता. विजेची मोटार मागे पडली त्याला कारणं अनेक आहेत, पण चार्जिंगची सोय नसणं हे त्यातलं मोठं कारण.

फोर्ड आणि पाणबुडी

हेन्री फोर्ड हा एकेकाळी एडिसनच्या डेट्रॉइटमधल्या कंपनीतला इंजिनिअर. १८९६ मध्ये दोघांची भेट झाली आणि पुढे जन्मभराची मैत्री जमली. १९१२ च्या सुमारास फोर्डने एडिसनला मोठं कर्जही दिलं. मोटारीचा सेल्फ स्टार्टर आणि त्याची बॅटरी एडिसनने बनवावी अशी इच्छा होती. त्याच वर्षी कॅडिलॅकने केटरिंगचा स्टार्टर बाजारात आणला होता, शिशाच्या बॅटरीवर चालणारा. एडिसनची बॅटरी इथे कमी पडली. इंजिन फिरवायला काही सेकंद प्रचंड करंट लागतो. तिचा अंतर्गत रोध जास्त असल्यामुळे तो मिळेना आणि थंडीत तर ती आणखीनच मलूल. जी बॅटरी तीस वर्षं जगू शकते ती तीन सेकंदांच्या कामात नापास झाली! लोड कसला आहे हे आधी विचारायचं ते एवढ्यासाठीच.

याहून गंभीर प्रसंग पाणबुडीचा. पाणबुडीत शिशाच्या बॅटरीचा एक मोठा धोका होता. समुद्राचं पाणी आत शिरून अ‍ॅसिडमध्ये मिसळलं की विषारी क्लोरीन तयार होतो. एडिसनच्या बॅटरीत अ‍ॅसिडच नाही, त्यामुळे हा धोका गेला. अमेरिकी नौदलाने ‘ई-२’ या पाणबुडीवर ती बसवली. एडिसन स्वतः १९१५ मध्ये नौदलाच्या सल्लागार मंडळाचा अध्यक्ष झाला होता. आणि १५ जानेवारी १९१६ ला, न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ही पाणबुडी उभी असताना तिच्यात साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला. आतली काही माणसं मेली, काही जखमी झाली. एडिसनच्या माणसांचं म्हणणं पडलं की हवा खेळती ठेवली नव्हती. नौदलाचा मात्र विश्वास उडाला आणि पाणबुड्यांत शिशाचीच बॅटरी राहिली.

चूक कोणाची यावर तेव्हा बराच खल झाला. आपण इंजिनिअर म्हणून फक्त हिशेब बघू. भरलेल्या सेलमध्ये आणखी १ अँपिअर-अवर घातला तर सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन सुटतो. मघाचेच ६० सेल आणि ३० अँपिअर घ्या. बॅटरी पूर्ण भरल्यावर कोणी चार्जर बंद केला नाही, तर एका तासात ७५० लिटरच्या वर हायड्रोजन! हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. म्हणजे ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी बंद खोली एका तासात धोक्याच्या रेषेवर येते. एक ठिणगी पुरे. एका धोक्यातून सुटायला बॅटरीची जात बदलली, पण तिच्या भोवतीची व्यवस्था, म्हणजे चार्जिंग, वायुवीजन, देखरेख, तिच्याप्रमाणे बदलायला हवी. नाहीतर आगीतून फुफाट्यात.

ती जिंकली कुठे?

तर मग एडिसनची बॅटरी फसली का? मुळीच नाही! रेल्वेचे सिग्नल, डब्यांतले दिवे, खाणीतली छोटी इंजिनं, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, कारखान्यांतले ट्रक, इथे तिने वर्षानुवर्षं इमानेइतबारे काम केलं. एडिसनच्या फायद्यातल्या मालांपैकी ती एक ठरली. ही सगळी कामं नीट बघा. प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या वेळी गाडी किंवा दिवा परत येतो, ठरलेल्या जागी चार्जिंगला लागतो, पाणी घालायला माणूस असतो आणि जागा मोकळी असते. म्हणजे जिथे चार्जिंगची व्यवस्था बॅटरीला साजेशी होती, तिथे ती जिंकली. सामान्य मोटारवाल्याच्या हातात ही सोय नव्हती, तिथे ती मागे पडली.

१८ ऑक्टोबर १९३१ ला वेस्ट ऑरेंजच्या घरी एडिसन गेला, वयाच्या ८४ व्या वर्षी. त्याची बॅटरी त्याच्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं बनत राहिली. १९७२ मध्ये तो कारखाना एक्साइडने घेतला आणि १९७५ मध्ये अमेरिकेतलं उत्पादन थांबवलं. पण जुने सेल आजही काही हौशी लोकांकडे चालू अवस्थेत सापडतात.

आपल्यासाठी

मित्रांनो, एडिसनच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही. हरल्यावर पुन्हा उभं राहणं आणि खराब माल परत घेऊन पहिल्यापासून सुरू करणं त्याच्याकडूनच शिकावं. पण बॅटरी इतकी चिवट केली की चार्जिंगची फिकीर उरणार नाही, ही त्याची आशा त्यालाही पुरी करता आली नाही. आणि आज आपल्या हातात तर त्याहून नाजूक बॅटऱ्या आहेत. लिथियम-आयनच्या नेहमीच्या सेलला ४.२ व्होल्टच्या पुढे नेणं धोक्याचं. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल वेगळा, त्याची मर्यादा ३.६५. शून्य अंशाखाली दोन्हींना चार्ज करणं वाईट. इथे चूक झाली तर नुसतं पाणी उडत नाही, आग लागते. होस्टेलच्या खोलीत रात्री सायकलची बॅटरी भलत्याच चार्जरला लावून झोपणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

म्हणून चार्जर ठरवताना चार्जरच्या कॅटलॉगपासून सुरुवात करू नका, बॅटरीपासून करा. जात कोणती, सिरीजमध्ये सेल किती? त्यावरून व्होल्टेज ठरेल, आणि भरल्यावर चार्जर पूर्ण थांबणार की फ्लोटवर जाणार तेही. शिशाची बॅटरी फ्लोटवर राहू शकते. लिथियमला सतत तसं टांगून ठेवणं बरं नाही. मग वेळ. उदाहरणार्थ १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी, रोज ८० अँपिअर-अवर खर्च, आणि भरायला ८ तास. ८० गुणिले १.२ म्हणजे ९६, भागिले ८, म्हणजे १२ अँपिअर. चार्जिंग चालू असताना ५ अँपिअरचा लोडही चालू राहणार असेल तर झाले १७, म्हणून घेतला २० चा चार्जर. इथे बरेच जण थांबतात. पण लोड बंद झाला तर? सगळे २० अँपिअर बॅटरीत शिरणार! बॅटरीवाल्याने कमाल १५ सांगितले असतील तर काय करणार? बॅटरीकडे जाणाऱ्या करंटची मर्यादा वेगळी हवी.

मग तापमान. शिशाच्या सेलचा चार्जिंग व्होल्टेज दर अंशाला ३ ते ४ मिलिव्होल्टने कमी करायचा असतो. २५ अंशांसाठी लिहिलेला आकडा नागपूरच्या चाळीस अंशांत तसाच ठेवला तर ६ सेलना सुमारे ०.३ व्होल्ट जास्त जातो, रोज, न चुकता. बॅटरी उन्हाळ्यात का गेली, याचं उत्तर बरेचदा इथे असतं. शेवटी वीज येते कुठून, एसी लाइन, सोलर पॅनल की जनरेटर, ती किती वेळ असते, आणि वायू बाहेर जायला खिडकी आहे का, हेही लिहून काढायचं.

इतकं लिहायला अर्धं पानही लागत नाही. एडिसनला मात्र यातली एकेक ओळ शिकायला वर्षं लागली आणि ‘ई-२’ वरच्या माणसांनी एका ओळीसाठी प्राण दिले. तेव्हा पुढच्या वेळी मटेरियल लिस्ट करताना बॅटरीच्या खाली लगेचच चार्जरची ओळ लिहा आणि ‘१ नग’ च्या आधी हे अर्धं पान जोडा.